बॉर्डर टेरियर: स्वभाव, केस आणि आरोग्य यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही जात मुळात कशासाठी तयार झाली?

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर चेव्हियट टेकड्या आहेत. तिथल्या मेंढपाळांना कोकरं पळवणाऱ्या कोल्ह्यांचा उपद्रव होता. फॉक्सहाउंड कोल्ह्याचा माग काढत, पण कोल्हा खडकाच्या कपारीत नाहीतर बिळात शिरला की त्या मोठ्या कुत्र्यांचं काही चालत नसे. तिथून पुढचं काम या छोट्या टेरियरचं: आत शिरायचं आणि कोल्ह्याला बाहेर काढायचं. म्हणजे घोड्यांबरोबर दिवसभर धावता येईल इतके लांब पाय हवेत आणि बिळात शिरता येईल इतकी अरुंद छातीही हवी. नॉर्थम्बरलंडमधल्या रॉबसन आणि डॉड या घराण्यांनी बॉर्डर हंट या शिकारी मंडळासाठी हे कुत्रे पिढ्यान् पिढ्या जोपासले. त्याआधी आसपासच्या खोऱ्यांवरून त्यांना कोकेटडेल टेरियर किंवा रीडवॉटर टेरियर म्हणत. ब्रिटनच्या केनेल क्लबने 1920 मध्ये आणि अमेरिकन केनेल क्लबने 1930 मध्ये या जातीला मान्यता दिली.

इतिहास आधी सांगायचं कारण साधं आहे. हाक मारली तरी न येणं, बागेत खड्डे खणणं, दुखत असूनही हूं की चूं न करणं, केस राठ असणं, यातल्या प्रत्येक गोष्टीचं मूळ त्या बिळात आहे.

ओळखायचा कसा? जॅक रसेल या दुसऱ्या टेरियर जातीत आणि बॉर्डरमध्ये गल्लत होते.

डोकं बघा. बॉर्डरचं डोकं पाणमांजरासारखं असतं: कवटी रुंद, दोन कानांमध्ये सपाट, तोंड आखूड आणि मजबूत. जातीच्या प्रमाण-वर्णनातही पाणमांजराचीच उपमा आहे. कान लहान, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे, पुढे गालांकडे झुकलेले. शेपूट बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती होत जाणारी, थेट गाजरासारखी. वजन नराचं साधारण 6 ते 7 किलो, मादीचं 5 ते साडेसहा किलो. रंग तांबूस, गव्हाळ, करडा-तांबूस (याला ग्रिझल अँड टॅन म्हणतात) किंवा निळसर काळा आणि तांबूस. जॅक रसेलच्या अंगावर पांढरा रंग जास्त असतो. बॉर्डरच्या छातीवर थोडा पांढरा डाग चालतो, पंजे पांढरे असणं मात्र जातीत दोष समजतात.

आणखी एक खूण हातालाच कळते. खांद्यामागून दोन्ही हातांनी छाती वेढली की ती पंज्यांत मावली पाहिजे. त्वचा जाड आणि सैल असते, मूठभर उचलता येते. बिळात चावा बसला तरी जखम खोल जाऊ नये, यासाठी ती तशी आहे.

स्वभाव कसा असतो?

घरात शांत आणि बाहेर चक्रीवादळ. टेरियर म्हटलं की सतत भुंकणारा, दुसऱ्या कुत्र्यावर धावून जाणारा प्राणी डोळ्यांसमोर येतो. बॉर्डर त्यात बसत नाही. त्याला फॉक्सहाउंडच्या अख्ख्या कळपाबरोबर काम करावं लागे, म्हणून भांडकुदळ कुत्रे पैदाशीत टिकले नाहीत. बहुतेक बॉर्डर इतर कुत्र्यांशी जमवून घेतात, माणसांवर जीव लावतात आणि लहान मुलांचा दंगा सहन करतात. दाराशी कुणी आलं की भुंकून सांगतील, पण राखणदार म्हणून त्यांच्यावर विसंबू नका. चोरासमोरही शेपूट हलवतील.

मात्र हे कुत्रे हळवे असतात. आवाज चढवला की हट्ट सोडत नाहीत, उलट कोशात जातात आणि शिकणंच बंद करतात. मारझोड आणि गळा आवळणारे पट्टे या जातीच्या बाबतीत निव्वळ नुकसान करतात.

मांजर, ससा, पक्षी घरात असतील तर?

पिल्लाबरोबर वाढलेलं घरचं मांजर बहुधा चालून जातं. पण तोच कुत्रा शेजारच्या मांजरामागे जीव खाऊन धावतो, यात त्याला काही विसंगती वाटत नाही. ससा, गिनी पिग, हॅम्स्टर किंवा उंदीर पाळले असतील तर दोघांमध्ये बंद दार हवं. कितीही वर्षं झाली तरी त्यांना एका खोलीत एकटं सोडू नका.

हाक मारली की येत नाही. शिकवूनही उपयोग नाही का?

उपयोग आहे, पण अपेक्षा नीट ठेवावी लागते. बिळात शिरलेल्या कुत्र्याला मालकाचा आवाज ऐकूच जात नसे. तिथे तो स्वतःच्या अकलेने निर्णय घेई. आपण निवडून निवडून स्वतंत्र बुद्धीचा कुत्रा घडवला आणि आता त्याने प्रत्येक हाकेला धावत यावं असं म्हणतो.

पद्धत अशी. हाकेसाठी वेगळा शब्द किंवा शिट्टी ठरवा, जी रागावताना कधीच वापरणार नाही. पहिले दोन आठवडे घरातच, दोन-तीन पावलांवरून बोलवा आणि प्रत्येक वेळी वाटाण्याएवढा मांसाचा किंवा चीजचा तुकडा द्या. कोरडी बिस्किटं इथे पुरत नाहीत, खाऊ खारीच्या पाठलागापेक्षा मोलाचा वाटला पाहिजे. मग बागेत, मग मोकळ्या जागी 10 मीटरच्या लांब दोरीवर. ही दोरी गळ्याच्या पट्ट्याला नाही, हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) बांधा. पट्ट्याला बांधून कुत्रा भरधाव सुटला तर दोरी संपताना मानेला जबर हिसका बसतो.

लोकांच्या हातून घडणाऱ्या चुका दोन. पहिली: फक्त घरी जायच्या वेळी बोलावणं. चार दिवसांत कुत्र्याला कळतं की हाक म्हणजे मजा संपली. फिरताना दहा वेळा बोलवा, खाऊ द्या आणि पुन्हा सोडून द्या. दुसरी: एकच हाक पाच वेळा मारणं. मग पाचव्या हाकेला यायचं असतं, असं तो शिकतो. एकदा हाक मारून आला नाही तर दोरी धरून शांतपणे जवळ जा.

रस्त्याजवळ किंवा गुरं-मेंढ्या असतील तिथे प्रशिक्षण कितीही चांगलं झालेलं असलं तरी दोरी सोडू नका. बॉर्डर एकदा पाठलागाला लागला की त्याला गाडी दिसत नाही.

बागेतून पळून जातो. कुंपण कसं हवं?

डोकं गेलं की धड गेलंच, हे सूत्र धरा. अरुंद छातीमुळे डोकं मावेल अशा कोणत्याही फटीतून अख्खा कुत्रा बाहेर पडतो. जाळी उभी रोवली तर तो खालून खणतो, म्हणून जाळीचा खालचा 30 सेंटिमीटर भाग आतल्या बाजूला काटकोनात वळवून मातीखाली आडवा पुरा. कुत्रा कुंपणाच्या पायथ्याशीच खणायला लागतो आणि त्याला आडवी जाळी लागते. मागे सरकून खणायचं त्याला सहसा सुचत नाही. काही बॉर्डर जाळीवर चढतातही. फाटकाखालची मोकळी जागा सगळ्यात जास्त विसरली जाते. मायक्रोचिप बसवा आणि तिच्या नोंदीतला फोन नंबर बदलला की लगेच दुरुस्त करा.

खड्डे खणायचं कसं थांबवायचं?

थांबवायचं नाही, जागा नेमून द्यायची. साधारण एक मीटर लांब-रुंद आणि अर्धा मीटर खोल वाळूचा हौद करा, त्यात खेळणी आणि खाऊ पुरून ठेवा. बाकी ठिकाणी खणताना दिसला तर उचलून तिथे आणा. दोन-तीन आठवडे रोज पुरलेलं सापडलं की बहुतेक कुत्रे हौदच पसंत करतात.

रोज किती व्यायाम लागतो?

प्रौढ कुत्र्याला दिवसातून किमान एक तास चालणं, दोन फेऱ्यांत विभागून. त्यातला निदान अर्धा वेळ त्याला मनासारखं हुंगू द्या. नाकाने काम केलेला बॉर्डर पाय दमलेल्या बॉर्डरपेक्षा लवकर शांत झोपतो. जेवण वाटीत न देता गवतात विखरून टाका, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळा, पुठ्ठ्याच्या खोक्यात दडवा.

पिल्लाला लांब पल्ल्याचं चालणं, जिन्याची चढउतार आणि उंचावरून उड्या टाळा. त्याचं त्याला खेळू द्या आणि थकलं की झोपू द्या. लहान पिल्लं दिवसातले 18 ते 20 तास झोपतात.

उन्हाच्या वेळी फिरवू नका. तळहाताची मागची बाजू पाच सेकंद रस्त्यावर ठेवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्याही पंजांना बसणार. जोरजोरात धापणं, लाळ गळणं, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणं. आधी गार पाण्याने अंग भिजवा, वारा घाला, मग दवाखान्याकडे धावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

केस वर्षातून दोनदा उपटायचे म्हणतात. त्याला दुखत नाही का?

योग्य वेळी केलं तर नाही. बॉर्डरला केसांचे दोन थर असतात: बाहेर राठ, तारेसारखे केस आणि आत दाट मऊ लव. बाहेरचा केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो आणि मग मरतो, पण गळून पडत नाही, मुळाशी सैल अडकून राहतो. पूर्वी काट्याकुट्यांतून आणि बिळांतून जाताना तो आपोआप ओरबाडला जाई. आता ते काम आपल्याला हाताने करावं लागतं. यालाच हॅण्ड स्ट्रिपिंग म्हणतात. मेलेला केस चिमटीत धरला की अलगद निघतो. जिवंत केस धरलात तर कुत्रा चमकतो. तो चमकला की समजा, केस अजून तयार नाहीत.

केस तयार झाले हे कसं ओळखायचं?

पाठीच्या मध्यावर भांग पडतो. केस झुबक्यांनी उभे राहतात, लांबी 5 ते 7 सेंटिमीटर होते आणि रंग फिका, निस्तेज दिसतो. मानेमागचे चार-पाच केस चिमटीत धरून वाढीच्या दिशेने ओढा. विनातक्रार हातात आले तर वेळ झाली. साधारण पाच-सहा महिन्यांनी ही अवस्था येते. पिल्लाचे पहिले केस बहुधा 5 ते 8 महिन्यांच्या दरम्यान निघतात. त्याआधीही आठवड्यातून एकदा त्याला टेबलावर उभं करून विंचरत जा, म्हणजे पहिल्या स्ट्रिपिंगला टेबलाचीच भीती आड येणार नाही.

घरी स्ट्रिपिंग कसं करायचं?

आदल्या आठवड्यात आंघोळ घालू नका. शाम्पूने केस मऊ आणि निसरडे होतात, चिमटीत धरत नाहीत. साहित्य थोडंच लागतं: धातूचा कंगवा, रबरी बोटमोजे (फक्त अंगठा आणि तर्जनीला पुरेत), ग्रूमिंगसाठीची खडूची पूड, गोलाकार टोकांची कात्री आणि न घसरणारी चटई घातलेलं टेबल. स्ट्रिपिंगची सुरी शिकाऊ माणसाने पहिल्यांदा हातात घेऊच नये. ती थोडी जरी तिरकी झाली तर केस मुळापासून निघण्याऐवजी मध्येच कापला जातो आणि सगळी मेहनत क्लिपर (केस कापायचं यंत्र) फिरवल्यासारखी ठरते.

आधी पूर्ण अंग विंचरून गुंता काढा. मग मानेच्या बुडापासून सुरुवात करा. एका हाताने त्वचा ताणून धरायची, दुसऱ्या हाताने एका वेळी थोडेच केस टोकाजवळ धरायचे आणि वाढीच्या दिशेने झटकन ओढायचे. मनगट वाकवू नका, ओढ कोपरातून आणि खांद्यातून आली पाहिजे. मनगट फिरलं की केस तुटतो आणि दुसऱ्या दिवशी तुमचं मनगटही बोलतं. पाठ, मग बाजू, मग मांड्या, पायांची बाहेरची बाजू आणि शेपूट, या क्रमाने गेलात तर कुत्रा कंटाळण्याआधी मोठा भाग उरकतो. डोकं शेवटी: कवटीवरचे आणि गालांवरचे केस काढायचे, मिश्या आणि भुवया थोड्या ठेवायच्या.

पोट, मांड्यांची आतली बाजू, जननेंद्रियांभोवतीचा भाग, गुदद्वार आणि कानांच्या कडा इथली त्वचा पातळ असते. तिथे ओढू नका, कात्री चालवा. पंजांच्या गाद्यांमधले केसही कात्रीनेच.

सवयीच्या हाताला तीन-चार तास लागतात, नव्या माणसाने तीन-चार दिवसांत वाटून करावं. पण आठवडाभर रेंगाळू नका, नाहीतर नवे केस वेगवेगळ्या लांबीचे उगवतात. काम झाल्यावर कुत्रा फक्त मऊ लवेत उरतो आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो. घाबरू नका. सहा ते आठ आठवड्यांत नवे राठ केस दिसू लागतात, पूर्ण कोट (केसांचं आवरण) यायला साधारण तीन महिने. तोवर थंडीत अंगावर काहीतरी घाला आणि कडक उन्हापासून जपा.

त्वचा गुलाबी झाली तर थंड ओलं फडकं ठेवा. लाल पुरळ किंवा पिवळे फोड आले तर केसांच्या मुळांना जंतुसंसर्ग झालाय, पशुवैद्याला दाखवा. मानेवर टाकायची गोचीड-पिसवांची औषधं त्वचा शांत होईपर्यंत लावू नका.

क्लिपरने कापून घेतलं तर काय बिघडतं?

कापल्याने मेलेला केस तसाच मुळाशी राहतो, नव्याला जागा मिळत नाही. कोट हळूहळू मऊ, लोकरीसारखा आणि फिका होतो, पाणी आणि चिखल झटकत नाही. काही कुत्र्यांना खाजही सुटते. एकदा-दोनदा क्लिपर फिरवलेला कोट चिकाटीने पुन्हा स्ट्रिप करत राहिलं तर बराच सुधारतो, अनेक वर्षं कापलेला मात्र क्वचितच मूळपदावर येतो. नसबंदीनंतरही काहींचा कोट मऊ होतो. अशा कुत्र्यांचं स्ट्रिपिंग जास्त वेळखाऊ असतं.

ग्रूमरकडे (कुत्र्यांचे केस करणाऱ्याकडे) न्यायचं असेल तर फोनवर स्पष्ट विचारा: तुम्ही हाताने स्ट्रिप करता की क्लिपर वापरता? ‘टेरियर कट करतो’ हे उत्तर पुरेसं नाही.

सतत नीटनेटका ठेवायचा असेल तर?

मग रोलिंग करा. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला 15-20 मिनिटं सर्वांत लांब केस तेवढे काढत राहायचं. कोट वेगवेगळ्या वयाच्या केसांचा बनतो आणि कुत्रा कधीच उघडाबोडका दिसत नाही. प्रदर्शनात जाणारे कुत्रे असेच ठेवतात. आमच्या मते घरच्या कुत्र्यालाही हेच सोपं पडतं, अट एकच, आठवडा चुकवायचा नाही.

आंघोळ किती वेळा?

अगदी क्वचित. चिखल वाळू द्या आणि ब्रशने झटका. घाणीत लोळून आला तरच कुत्र्यांसाठीचा सौम्य शाम्पू.

केस गळत नाहीत, म्हणजे ॲलर्जी असलेल्या माणसाला चालेल?

खात्री देता येत नाही. ॲलर्जी केसांमुळे नाही, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. घेण्याआधी त्याच कुत्र्याबरोबर वेगवेगळ्या दिवशी काही तास घालवा. स्ट्रिपिंग घरातल्या ॲलर्जी असलेल्या माणसाने करू नये.

किती खायला द्यायचं?

साडेसहा किलोच्या, नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे 400 ते 450 किलोकॅलरी पुरतात. पाकिटावर 100 ग्रॅममागे 370 किलोकॅलरी लिहिलं असेल तर हे साधारण 110 ते 120 ग्रॅम कोरडं खाणं झालं, दोन वेळांत विभागून. वजनकाट्यावर मोजा. पेल्याने मोजलेलं खाणं रोज कमीजास्त होतं आणि एवढ्याशा कुत्र्याला दिवसाचे दहा ग्रॅम जास्त झाले तरी वर्षभरात अंगावर दिसतात. खाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका.

बॉर्डरचं वजन डोळ्यांनी जोखता येत नाही. सैल कातडी आणि वाढलेले केस खरी अंगकाठी झाकतात, बरेचदा स्ट्रिपिंग झाल्यावरच कुत्रा सुटलाय हे कळतं. बरगड्यांवरून बोटं फिरवा: न दाबता बरगडी लागली पाहिजे. महिन्यातून एकदा वजन करा.

द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट, कांदा, लसूण, मॅकाडेमिया आणि झायलिटॉल विषारी आहेत. झायलिटॉल साखरविरहित च्युइंगममध्ये आणि माणसांच्या काही टूथपेस्टमध्येही असतं. चोरून खाण्यात ही जात पटाईत आहे, तेव्हा कचऱ्याच्या डब्याला पक्कं झाकण हवं.

अचानक अंग आखडतं, थरथरतो, पण शुद्धीवर असतो. ही फिट आहे का?

असेलच असं नाही. बॉर्डरमध्ये एक खास विकार आढळतो. त्याला पूर्वी स्पाइक्स डिसीज आणि मग एपिलेप्टॉइड क्रॅम्पिंग सिंड्रोम म्हणत. हा अपस्मार नसून ग्लुटेनशी निगडित असलेला हालचालींचा विकार आहे, असं पुढे संशोधनात दिसून आलं. आता त्याचं नाव पॅरॉक्सिस्मल ग्लुटेन-सेन्सिटिव्ह डिस्कायनेशिया. गहू, जव आणि राय यांतल्या प्रथिनाविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि स्नायूंवरचा ताबा तेवढ्यापुरता सुटतो.

झटका असा दिसतो: पाठ कमानीसारखी होते, पाय ताठरतात, एखादा पाय उचललेलाच राहतो, चालताना तोल जातो, पोटात गुरगुर होते. काही मिनिटांत ओसरतो, कधी जास्त वेळही चालतो. कुत्रा तुमच्याकडे बघत असतो, हाकेला प्रतिसाद देतो, आणि संपल्यावर लगेच पूर्ववत होतो. अपस्मारात बहुधा शुद्ध हरपते, लघवी होऊ शकते, लाळ गळते आणि नंतर कुत्रा काही काळ भांबावलेला राहतो. दोन्हींचे उपचार वेगळे असल्याने हा फरक महत्त्वाचा.

अशा वेळी त्याला जमिनीवर मऊ जागी घ्या, जिना आणि पाणी यांपासून दूर ठेवा आणि मोबाइलवर चित्रफीत काढा. दवाखान्यात पोचेपर्यंत कुत्रा ठणठणीत असतो, निदानाला ती चित्रफीतच कामी येते.

इथे एक चूक वारंवार होते. लोक ऐकीव माहितीवर लगेच खाणं बदलतात आणि महिन्याभराने रक्त तपासतात. तोवर प्रतिपिंडांची पातळी खाली आलेली असते आणि तपासणी काहीच सांगत नाही. आधी रक्त द्या (ग्लायडिन आणि ट्रान्सग्लुटामिनेज-2 यांविरुद्धची प्रतिपिंडं तपासायला सांगा), मग आहार बदला.

ग्लुटेन बंद म्हणजे शंभर टक्के बंद. पोळीचा तुकडा, पाव, बिस्किट, दात घासायच्या चघळकांड्या, चवदार आवरण असलेल्या गोळ्या, दुसऱ्या कुत्र्याच्या वाटीतलं उष्टं, सगळं तपासा. तांदूळ आणि मका चालतात. ‘धान्यविरहित’ आणि ‘ग्लुटेनविरहित’ हे एक नाही. फरक दिसायला काही महिने लागू शकतात, दोन आठवड्यांत निकाल लावू नका.

या जातीत आणखी कोणते आजार बघावे लागतात?

पित्ताशयात चिकट श्लेष्मा साठण्याचा विकार, म्हणजे म्युकोसील, बॉर्डरमध्ये तुलनेने जास्त दिसतो. बहुधा मध्यम वयानंतर: उलट्या, खाणं सोडणं, पोट दुखणं, हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडणं. पित्ताशय फुटलं तर जिवावर बेततं, म्हणून पिवळेपणा दिसल्यावर सकाळची वाट बघू नका. रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम्स वाढलेली आली तर सोनोग्राफी करून घ्या. याशिवाय गुडघ्याची वाटी सरकणं, हिप डिस्प्लेशिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं), मोतीबिंदू आणि हृदयाचे काही दोष. जात एकंदरीत काटक आहे, 12 ते 15 वर्षं जगते.

पिल्लू घेताना ब्रीडरला काय विचारायचं?

पहिला प्रश्न: आईबापांची एसएलईएम चाचणी झालीय का? ‘शेकिंग पपीज’ नावाने ओळखला जाणारा हा मज्जासंस्थेचा आनुवंशिक विकार आहे. पिल्लं चालायला लागायच्या सुमारास मागचा भाग जोरात हलू लागतो. दोष अप्रभावी आहे, म्हणजे आईबाप दोघेही वाहक (स्वतः निरोगी, पण सदोष जनुक बाळगणारे) असले तरच पिल्लांना होतो, आणि तेव्हा प्रत्येक पिल्लाला 25 टक्के धोका असतो. जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. दोघांपैकी एक निर्दोष असला तरी पिल्लं आजारी पडत नाहीत. त्यामुळे वाहक कुत्री दिसली म्हणून ब्रीडरला दोष देऊ नका, न तपासलेली जोडी मात्र नाकारा.

डोळे, हृदय आणि गुडघे तपासल्याचे कागद मागा. घराण्यात आखडण्याचे झटके कुणाला आले होते का, हे सरळ विचारा. पिल्लू आईबरोबर बघा. आई माणसांना बुजत असेल तर परत फिरा. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू देणाऱ्याकडून घेऊ नका.

पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांत काय महत्त्वाचं?

सुमारे 3 ते 14 आठवडे हा त्याच्या मनाची घडण होण्याचा काळ. लसी पूर्ण व्हायच्या असल्या तरी कडेवर घेऊन वाहनांचे आवाज, टोपीवाली माणसं, मुलं, व्हॅक्यूम क्लीनर हे सगळं दाखवा. मुख्य लसी 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू करून 2 ते 4 आठवड्यांच्या अंतराने 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत देतात, रेबीज स्थानिक नियमाप्रमाणे. जंतनाशकाचं वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घ्या.

शू-शीसाठी झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी बाहेर न्या. चावणं साडेतीन ते सहा-सात महिन्यांत जोरात असतं, दात बदलत असतात. थंड केलेलं ओलं फडकं चघळायला द्या.

खेळणी एका दिवसात फाडतो.

बॉर्डरचा जबडा त्याच्या आकारमानाच्या मानाने फार मजबूत असतो. मऊ खेळणी आणि पिपाणी असलेली रबरी खेळणी नजरेसमोरच द्या, पिपाणी गिळली तर आतड्यात अडकते. भरीव रबराची खेळणी त्यातल्या त्यात टिकतात. गिळता येईल एवढा छोटा चेंडू नको. वारंवार उलट्या आणि शी बंद झाली तर एक्स-रे लगेच करा.

दुखत असेल तर कसं कळणार? हा कधी विव्हळतच नाही.

हा प्रश्न विचारणारे मालक योग्य मार्गावर आहेत. बॉर्डर मोडक्या दातानेही जेवतो आणि ठेच लागलेल्या पायानेही खारीमागे पळतो. म्हणून बारीक बदल टिपा: सोफ्यावर उडी मारताना क्षणभर थबकणं, एकाच बाजूने चावणं, मांडीवर यायचं टाळणं, नेहमीच्या माणसापासून दूर कोपऱ्यात झोपणं, एखादी जागा सतत चाटणं. या कुत्र्याने एक वेळचं जेवण नाकारलं तरी ती बातमी असते. दोन वेळा नाकारलं तर दवाखाना.

आठवड्यातून एकदा डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवा. राठ केसांत गोचीड, कुसळं आणि छोट्या जखमा दडून राहतात. कानात दुर्गंधी, पंजांच्या बोटांमध्ये सूज, हिरड्यांवर लाल रेघ, हे सगळं या दहा मिनिटांत सापडतं.

गोचीड-पिसवांसाठी काय वापरावं?

वजनाप्रमाणे पशुवैद्य सांगेल ते. घरात मांजर असेल तर हे आधी सांगा: कुत्र्यांच्या काही औषधांतलं पर्मेथ्रिन मांजरांना घातक असतं.

किती वेळ एकटा राहू शकतो?

सवय लावली तर प्रौढ कुत्रा चार तास. पाच मिनिटांपासून सुरू करून वाढवत न्या. त्यापलीकडे रोजचं एकटेपण या माणसाळलेल्या जातीला सोसत नाही, भुंकणं आणि दारं ओरबाडणं सुरू होतं.

म्हाताऱ्या कुत्र्याचंही स्ट्रिपिंग करायचं का?

आठ-नऊ वर्षांनंतर वर्षातून दोनदा तपासणी करा: रक्त, यकृत, दात, हृदय. सांधे दुखत असतील तर सलग तीन तास टेबलावर उभं करणं क्रूरपणा आहे. त्याला गादीवर कुशीवर झोपवा आणि रोज दहा मिनिटं, एकेका भागाचे सुटे झालेले केस तेवढे काढा. त्वचेचा आजार, कुशिंग (संप्रेरकांचा आजार) किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा हात लावल्यावर तो अंग चोरत असेल, तर क्लिपर वापरा. तेराव्या वर्षी कोट मऊ झाला तरी काही बिघडत नाही. फक्त पावसात लवकर भिजेल, तेव्हा बाहेरून आल्यावर पोटाखालून नीट पुसून घ्या.